‘पाणी भरपूर प्या’ सांगून झाल्यावर पुढं काय? सिस्टर-ब्रदर लोकांसाठी थोडं अनुभवाचं

ऊसतोडीच्या सीझनला आमच्या पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) एक बाई यायची, तिशीच्या आतली, बीडकडची. लघवीला जळजळ, कणकण, कंबर दुखते. पहिल्या वेळी गोळ्या दिल्या आणि सांगितलं पाणी भरपूर प्या. तीन आठवड्यांनी परत तेच, परत गोळ्या, परत पाणी भरपूर प्या. तिसऱ्यांदा आली तेव्हा मी चिडलेच, म्हणलं ताई तुम्ही ऐकतच नाही, पाणी प्यायला काय पैसे पडतात का. ती काही बोलली नाही, केसपेपर उचलला आणि गेली. चौथ्यांदा आली तेव्हा ओपीडी संपत आलेली, गर्दी नव्हती, म्हणून सहज विचारलं की दिवसभरात पाणी पिता तरी किती. तर म्हणली, "बाई, पिलं की जावं लागतंय. फडात कुठं बसावं, चहूबाजूनं गडीमाणसं. म्हणून कोपीवरनं निघताना पीत नाही ते संध्याकाळी माघारी येईस्तवर नाही." (फड म्हणजे तोड चालू असलेलं उसाचं शेत, कोपी म्हणजे टोळीची झोपडी.)

म्हणजे तीन वेळा अँटिबायोटिकचा कोर्स दिला आणि आजार होता संडास नसण्याचा. आणि वर मी तिलाच झापलं होतं.

पुस्तकात याला आरोग्याचे सामाजिक निर्धारक म्हणतात, म्हणजे घर, पाणी, पैसा, काम यावरून तब्येत ठरते ते, कम्युनिटी हेल्थच्या पेपरला आपण सगळ्यांनी हे मार्कांसाठी लिहिलेलं आहे, डब्ल्यूएचओनं २००८ मध्ये मायकेल मार्मट यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाचा जाडजूड रिपोर्टसुद्धा काढलाय. पण वॉर्डात सत्तर पेशंट आणि ड्युटीवर दोघी अशी अवस्था असताना गरिबी, घर, पाणी, नवऱ्याची दारू यावर नर्सनं करायचं काय, हे कुणी शिकवत नाही. मी सतरा वर्षांत चुकत चुकत जे शिकले ते लिहितेय. मी गरिबी हटवलेली नाही. पण काही पेशंट परत परत त्याच दुखण्यासाठी यायचे थांबले एवढं सांगू शकते.

विचारायचं कसं

"आहार चांगला घेता का?" या प्रश्नाला आजपर्यंत एकाही बाईनं नाही म्हणलेलं नाही. त्यामुळं हा प्रश्न बंद करा. "काल रात्री काय जेवलात?" असं विचारा. भाकरी आणि मिरचीचा ठेचा, की डाळ होती, की सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलंच नाही, सगळं बाहेर येतं. "गोळ्या घेता ना?" च्या ऐवजी "गोळी कधी घेता, कशाबरोबर घेता?" विचारा. आमच्याकडं एक एएनसी (गरोदरपणाच्या तपासणीची) बाई होती, एचबी म्हणजे हिमोग्लोबिन ६.८, लोहाच्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत तशीच. आळशी म्हणून सोडून दिली असती. विचारल्यावर कळलं पहाटे चारला उठते, उपाशीपोटी चहाबरोबर गोळी घेते, मळमळतं, एकदा फडात उलटी झाली तर मुकादम, म्हणजे टोळीचा ठेकेदार, ओरडला, तेव्हापासून गोळ्या बंद. तिला "गोळ्या खाव्याच लागतील" सांगून काय उपयोग होता? रात्रीच्या भाकरीनंतर घ्या, चहाबरोबर नको, लिंबू मिळालं तर पिळा, एवढ्यावर ती पुन्हा चालू झाली. एचबी सातच्या खाली म्हणून तिला रेफर तर केलंच, पण गोळीचा प्रश्न सुटला तो घड्याळ बदलून.

मी साधारण हे प्रश्न फिरवून फिरवून विचारते. आज इथं यायला गाडीभाडं किती लागलं. आज खाडा पडला का (ऊसतोडीत एक दिवस गेला नाही की मजुरी जातेच आणि वर दंड, पाचशेपासून पुढं, त्यामुळं आपली "परवा परत या" ही चिठ्ठी त्या माणसाला हजाराला पडते हे लक्षात ठेवा). रेशन कार्ड आहे का, कुणाच्या नावावर, धान्य खरंच मिळतं का. घरात पैसे कुणाच्या हातात असतात. खोलीत किती जण झोपता, खिडकी आहे का. आणि शेवटी, घरी कुणाची भीती वाटते का.

हे सगळं एका दमात विचारलं तर जनगणना वाटते. एका वेळी दोन बास. हात कामात असताना विचारा, ड्रेसिंग करताना, बाळाचं वजन घेताना, माणूस तेव्हा मोकळं बोलतो. फक्त बीपी घेताना नको, बोललं की रीडिंग वाढतं, आधी पट्टा सोडा मग गप्पा.

शेवटचा प्रश्न सासूसमोर, नवऱ्यासमोर विचारायचाच नाही. मी सासूबाईंना म्हणते, आई जरा केसपेपरवर शिक्का मारून आणता का, खिडकी तिकडं आहे. तेवढी तीन-चार मिनिटं मिळतात.

माझी एक चूक इथं सांगते कारण तुम्ही ती करू नये. नवीन असताना एका बाईनं मला सांगितलं की नवरा मारतो. मला वाटलं आपण समजावू, म्हणून तो बाहेर बसला होता त्याला आत बोलावलं आणि चार शब्द सुनावले, मला फार काहीतरी केल्यासारखं वाटलं त्या दिवशी. त्यानं मान डोलावली, हो मॅडम हो मॅडम. ती बाई परत कधी आली नाही. दोन महिन्यांनी आशाताईकडून कळलं की घरी नेऊन "दवाखान्यात सांगतेस" म्हणून आणखी मारलं. तेव्हापासून नियम एकच, तिनं सांगितलेलं तिच्या परवानगीशिवाय घरच्या माणसाकडं जात नाही. तिला विचारायचं, आज घरी जायला सुरक्षित वाटतं का, जायला दुसरं कुणाचं घर आहे का. १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर तोंडी पाठ करून द्यायचा, चिठ्ठीवर नको, चिठ्ठी सापडते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतात, जिल्ह्याला सखी वन स्टॉप सेंटर असतं, ती नावं आणि पत्ते तुमच्याकडं पाहिजेत. जखमेची नोंद मात्र एमओंकडून (मेडिकल ऑफिसरांकडून) नीट करून घ्या, "पडून लागले" नाही तर तिनं जे सांगितलं ते तिच्या शब्दांत, कारण पुढं कोर्टात तोच कागद बोलतो. मुंबईत वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलमध्ये घरी मारहाण सोसणाऱ्या बायकांसाठी दिलासा केंद्र २००० च्या सुमारास सुरू झालं तेव्हा तिथल्या नर्सेसनाच हे ओळखायचं ट्रेनिंग दिलं गेलं, म्हणजे हे आपल्या कामाबाहेरचं नाही.

लिहायचं कुठं

केसपेपरवर "पेशंट नॉन-कोऑपरेटिव्ह" लिहिणं बंद करा, यासारखा आळशी शेरा दुसरा नाही. त्याच जागेत "उपाशीपोटी घेतल्याने मळमळ, रात्री घेण्यास सांगितले" लिहिलं तर पुढच्या ड्युटीवाल्या सिस्टरला कळतं तरी. "गाडीभाड्याअभावी फॉलोअपला आली नाही" हे लिहायला पाच सेकंद लागतात.

याशिवाय मी दोनशे पानी वही ठेवते. नाव पूर्ण लिहीत नाही, आद्याक्षर आणि ओपीडी नंबर. अडचण काय, कुणाला फोन केला, कधी, काय झालं. चौथा रकाना फार महत्त्वाचा आहे कारण तो पहिल्या वर्षी माझा अर्ध्याहून जास्त रिकामा होता. मी फोन करायचे आणि विसरायचे. आता दर शनिवारी ड्युटी संपायच्या आधी दहा मिनिटं त्या रिकाम्या जागा बघते आणि परत फोन लावते. समोरच्याला कळलं की ही बाई परत फोन करते, की कामं आपोआप हलतात.

कुणाकडं पाठवायचं, हा खरा भाग

"तहसीलला जाऊन या" हे सांगणं म्हणजे टोलवाटोलवी. तो माणूस तहसीलला जातो, तीन खिडक्या फिरतो, एक रोज बुडतो, परत येतो आणि पुन्हा कुठंच जात नाही. पाठवायचं तर माणसाकडं पाठवायचं, पद सांगून, काय कागद लागतात ते सांगून, आणि शक्य असेल तर आधी फोन करून. माझ्या औषधाच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय, त्यावर तलाठी, ग्रामसेवक, अंगणवाडीताई, सुपरवायझर मॅडम, आशा, गटप्रवर्तक, पुरवठा निरीक्षक, संरक्षण अधिकारी, जवळच्या मोठ्या हॉस्पिटलमधले आरोग्यमित्र, सगळ्यांचे नंबर. मोठ्या सरकारी दवाखान्यात असाल तर समाजसेवा अधीक्षक असतात, आपण त्यांना एमएसडब्ल्यू म्हणतो, त्यांना डिस्चार्जच्या दिवशी नाही तर ॲडमिशनच्या दिवशी कळवा. डिस्चार्जच्या दिवशी नातेवाईक रिक्षा बोलावून उभे असतात, तेव्हा कागद कोण गोळा करणार.

आता योजना. सगळ्या पाठ नसतील तरी चालेल, पण या अडतात कुठं हे माहीत पाहिजे, कारण पोस्टरवर योजना असते, अडलेली जागा नसते.

टीबीचा पेशंट घ्या. निक्षय पोषणचे, म्हणजे टीबी पेशंटच्या खाण्यासाठीचे, महिन्याला ५०० रुपये २०१८ पासून मिळायचे, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. पण पैसे डीबीटीनं, म्हणजे थेट आधार जोडलेल्या खात्यात येतात, आणि पेशंट म्हणतो आले नाहीत. दहातल्या बऱ्याच वेळा गोची असते आधार कुठल्या खात्याला जोडलंय त्याची, माणूस एका बँकेचं पासबुक घेऊन बसलेला असतो आणि पैसे कुठल्यातरी जुन्या विसरलेल्या खात्यात पडत असतात. म्हणून "पैसे आले का" विचारू नका, पासबुक आणायला सांगा, आधार कुठं जोडलंय ते बँकेत विचारून यायला सांगा. सोबत अन्नाची टोपली देणारे निक्षय मित्र तुमच्या तालुक्यात आहेत का ते टीबी सुपरवायझरला विचारा. आणि दहा बाय दहाच्या खोलीत सहा जण झोपत असतील तर घर काही आपण बांधून देणार नाही, पण पेशंटचं अंथरूण दाराजवळ, खिडकीजवळ, आणि घरातल्या सगळ्यांची तपासणी, हे तर आपल्या हातात आहे ना.

पहिलटकरणीला मातृवंदना योजनेचे ५,००० दोन हप्त्यांत, दुसरी मुलगी झाली तर ६,०००. इथं अडतं ते आधारवर माहेरचं नाव आणि पासबुकवर सासरचं, किंवा स्वतःचं खातंच नाही. त्यामुळं पहिल्या एएनसी व्हिजिटलाच, बारा आठवड्यांच्या आत, दोन्ही कागद समोर ठेवून नाव जुळतंय का बघायचं. नवव्या महिन्यात बघून काय करता.

बाळंतपणाला सरकारी दवाखान्यात जेएसएसके (जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम) आहे २०११ पासून, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण सगळं फुकट, नॉर्मलला तीन दिवस आणि सिझरला सात दिवस, आणि घरी सोडायला गाडीपण. घरी सोडायची गाडी आहे हे लोकांना माहीतच नसतं, ते हजार-बाराशे देऊन जीप करतात. डिस्चार्जच्या आदल्या संध्याकाळी १०२ ला, म्हणजे सरकारी गाडीच्या नंबरला, सांगून ठेवा.

मोठ्या ऑपरेशनला महात्मा फुले जनआरोग्य योजना, आता पाच लाखापर्यंत. पॅनेलवरच्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचा काउंटर असतो, तिथं आधी जायचं, बिल भरून नंतर नाही. रेशन कार्ड आणि ओळखपत्र पाठवतानाच हातात द्या.

संजय गांधी निराधारचे महिना १,५०० (दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून २,५००) विधवा, दिव्यांग, आणि टीबी, कॅन्सर, पक्षाघात असल्या आजारानं कमावता न येणाऱ्यांनाही आहेत, हे पुष्कळ सिस्टरना माहीत नसतं. उत्पन्नाची अट वर्षाला २१,००० ची आहे, दिव्यांगांना ५०,००० ची (एकवीस हजार म्हणजे महिन्याला पावणेदोन हजारात कोण जगतं देवजाणे, पण अट अट आहे). एमओंचं सर्टिफिकेट लागतं, ते आपल्याच टेबलावर पडून राहिलं तर तो माणूस तीन महिने मागं जातो. आधी आपलं टेबल साफ करा.

सॅम बालकाला, म्हणजे तीव्र कुपोषित, दंडाचा घेर ११.५ सेंमीच्या खाली, एनआरसीत (पोषण पुनर्वसन केंद्रात) चौदा दिवस ठेवायला आई तयार होत नाही म्हणून आपण कपाळाला हात लावतो. विचारा की घरी दुसरी मुलं कुणाकडं आहेत, भाकरी कोण थापणार. एनआरसीत आईचं जेवण आणि बुडीत मजुरीही मिळते हे आधी सांगा, नंतर प्रथिनांचं लेक्चर. आणि मोठ्या मुलीला शाळा बुडवून घरी बसवणार असतील तर आजीला, मावशीला फोन करायला लावा तिथल्या तिथं.

ऊसतोड लोकांचं

हे वेगळं लिहिते कारण माझा निम्मा जन्म यात गेलाय. दिवाळीच्या आसपास टोळ्या येतात, उन्हाळ्याच्या तोंडावर जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आधी उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत सुट्टी नाही. यांचं रेशन कार्ड गावाकडं, मुलांची अंगणवाडी गावाकडं, आशा गावाकडं, आणि माणसं आपल्याकडं. प्रत्येक जण म्हणतो आमच्या यादीत नाही.

यादीत नसले तरी लस द्यायची, एएनसी नोंद करायची, यात परवानगी विचारायचीच नाही. आपल्या अंगणवाडीताईला सांगा, अंगणवाडीच्या पोषण ट्रॅकर ॲपवर स्थलांतरित लाभार्थी घेता येतात. रेशन आता दुसऱ्या गावात अंगठ्यावर मिळतं, कार्डावरचं थोडं इथं आणि थोडं गावाकडच्या म्हाताऱ्यांना तिथं असंही उचलता येतं. दुकानदार नाही म्हणाला तर भांडू नका, पुरवठा निरीक्षकांना फोन लावा आणि स्पीकरवर ठेवा, दुकानदार फार चटकन समजतात.

पिशवीचा विषय. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं, डॉ. नीलम गोऱ्हे यांची समिती बसली, ८२,३०९ बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. अठ्ठावीस वर्षांची पोर येऊन म्हणते, सिस्टर, पिशवी काढायचीय, चिठ्ठी द्या. तिला रागवू नका. पाळीत चार दिवस कापड घेऊन मोळ्या वाहायच्या, धुवायला पाणी नाही, वाळवायला आडोसा नाही, मग इन्फेक्शन, अंगावरून पांढरं, आणि खाडा पडला की दंड, अशा हिशोबात तिला पिशवी म्हणजे कटकट वाटणारच. पांढऱ्यावर आधी उपचार, गरज असेल तर नवऱ्यासकट. मग शांतपणे सांगायचं की पिशवी काढली की खाडे संपतील असं नाही, ऑपरेशननंतर मोळी उचलता येत नाही महिनोन् महिने, आणि बीजकोशही काढले तर हाडं ठिसूळ होतात. उपजिल्हा रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय कुठंही सही करू नका, हे दोनदा सांगा. माझ्या ओळखीतल्या सहा जणींपैकी चौघी थांबल्या, दोघींनी काढलीच.

आणि त्या पहिल्या बाईचं काय झालं? मी एकटीनं कारखान्याला जाऊन काही झालं नसतं. मी काय केलं, त्या सीझनच्या ओपीडी रजिस्टरमधून टोळ्यांवरच्या बायकांच्या लघवीच्या तक्रारी मोजल्या, टोळीप्रमाणे, एका पानावर. ते पान एमओ सरांच्या सहीनं सरपंचांकडं आणि तिथून कारखान्याच्या शेतकी विभागाकडं गेलं. सिस्टरची तक्रार म्हणजे कुरकुर, पण आकडे आणि सही म्हणजे पत्र. कोप्यांजवळ पत्र्याचे दोन संडास आले. फडात अजूनही काही नाही. फडासाठी मग त्या बायकांनीच तोडगा काढला, चार काठ्या आणि जुन्या साड्यांचा आडोसा, फड पुढं सरकला की तो पण सरकवायचा, आणि एकीनं उभं राहायचं. ती बाई दुपारी अर्धी बाटली पाणी प्यायला लागली. हेच खरं सांगायचं तर औषध.

हीच युक्ती जुलाबाच्या वेळी. नावापुढं आळी लिहायची सवय लावा. एका पावसाळ्यात आमच्याकडं जुलाबाचे बहुतेक पेशंट एकाच आळीतले निघाले, जाऊन बघितलं तर पाइपलाइन गटारातून गेलेली आणि सांध्यातनं गळती. जलसुरक्षकाला घेऊन ओटी टेस्ट (पाण्यातलं क्लोरीन बघायची) केली, क्लोरीन शून्य, पाणी शुद्ध करायच्या टीसीएल पावडरचं पोतं ग्रामपंचायतीत ओलं होऊन दगड झालेलं. ग्रामसेवकांना लाल कार्डाची (पाणी धोक्याचं असलेल्या गावाला मिळतं ते) आठवण करून दिली की कामं होतात, गावाला लाल कार्ड मिळालेलं कुठल्याच सरपंचाला आवडत नाही. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला बंधनमुक्त निधी असतो, तो सतरंज्या आणि खुर्च्यांत जातो, मीटिंगला जाऊन बसा आणि आधीच लेखी विषय द्या.

थोडं आपल्याबद्दल. खिशातून पैसे द्यायची सवय लावून घेऊ नका, एकदा दिले मी पण, पण मग लोक अडचण सांगायला न येता पैसे मागायला येतात आणि आपला पगार काय असतो ते आपल्याला माहीत, त्यात कंत्राटी असाल तर विचारूच नका. "करून देते" म्हणू नका, "फोन करते आणि शनिवारी सांगते" म्हणा. इनचार्ज म्हणतील हे आपलं काम नाही, तेव्हा वाद न घालता रिपीट पेशंटचा आकडा दाखवा. रोज एकाच पेशंटच्या बाबतीत एवढं केलं तरी वर्षाला तीनशे होतात, त्याहून जास्त करायला गेलात तर तीन महिन्यांत सोडून द्याल, मी दिलं होतं एकदा.

मार्च संपत आला की टोळ्या निघायच्या आधी एक काम करते ते सांगून ठेवते, कारण तिथंच सगळं केलेलं वाया जातं. हाय रिस्क मदर (जोखमीच्या गरोदर बायका), टीबी, बीपी-शुगर, सॅम मुलं यांची यादी काढून प्रत्येकाला वहीच्या अर्ध्या पानाची चिठ्ठी: शेवटचं एचबी किंवा बीपी किंवा वजन, कुठलं औषध किती दिवसांचं दिलंय, पुढची तारीख, आणि गावाकडच्या आशाचं नाव आणि नंबर. नाव त्यांना माहीत असतंच, नंबर नसतो, तो तिकडच्या पीएचसीला फोन करून मी आधी मिळवते आणि आशाताईला सांगते की अमुक तमुक येतायत. औषध एक महिन्याचं जास्त द्या, गाव गाठून, घर झाडून, दवाखान्यात जायला तेवढे दिवस लागतातच. चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत, रेशन कार्डासोबत ठेवायला सांगा, कारण ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार लादताना बाकी काही हरवेल, रेशन कार्ड हरवत नाही.